आधी एक बग पुन्हा घडवून दाखव

पत्र : मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी येते, पायथन थोडंफार येतं. लोकांचा खासगीपणा जपणारं टॉरसारखं मुक्त सॉफ्टवेअर जिथे बनतं, अशा प्रकल्पात मला काम करायचं आहे. एका प्रकल्पाला ‘मला घ्या, कोणतंही काम द्या’ अशा दोन मेल केल्या, उत्तर आलं नाही. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा, विंडोज १०. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड जीबी. इंग्रजी वाचता येतं, लिहिताना अडते. बाबा म्हणतात, ‘हे डार्क वेबचं काम आहे, पोलीस घरी येतील.’ मी सुरुवात कुठून करू? प्रमाणपत्र मिळतं का?

उत्तर : तुझ्या मेलला उत्तर आलं नाही, यात तुझ्या इंग्रजीचा किंवा गावाचा काही दोष नाही. ‘कोणतंही काम द्या’ याला उत्तर द्यायचं तर समोरच्याने आधी तुला काय येतं ते शोधायचं, मग तुझ्याजोगं काम शोधायचं, मग ते समजावत बसायचं. टॉर म्हणजे आपली वाहतूक अनेक संगणकांतून फिरवून आपला पत्ता लपवणारं जाळं. टॉर प्रकल्प चालवणारी संस्था अमेरिकेतली, २००६ साली सुरू झालेली ना-नफा संस्था आहे. पगारी माणसं मोजकी, बाकी जगभर विखुरलेले स्वयंसेवक. तेवढा वेळ त्यांच्याकडे नसतो. स्वयंसेवकाला इथे प्रवेशअर्ज भरावा लागत नाही. कामांची यादी उघडी असते. त्यातलं एक उचलायचं, करायचं आणि सगळ्यांसमोर दाखवायचं. अशी दोन-चार कामं झाली की लोक तुला नावाने ओळखू लागतात, आणि मग तेच सांगतात, ‘हेही बघशील का?’

खासगीपणाच्या प्रकल्पात नव्या माणसाकडे जास्त सावधपणे बघतात, याचं कारण आधीच समजून घे, म्हणजे पुढे मनाला लागणार नाही. ‘एक्सझेड’ नावाची फाइल दाबून लहान करणारी एक छोटी लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ‘जिया टॅन’ या नावाच्या कोणीतरी त्या प्रकल्पात दोन वर्षांहून अधिक काळ चांगले पॅच (कोडमधल्या छोट्या सुधारणा) दिले, विश्वास कमावला, मेंटेनरचे (प्रकल्प सांभाळणाऱ्याचे) हक्क मिळवले आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदार (गुपचूप आत शिरायची वाट) बसवलं. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते उघडकीला आणलं, तेही एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरायच्या साधनाने) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे तो खणत बसला म्हणून. टॉरच्या एका ओळीवर एखाद्या पत्रकाराचा जीव अवलंबून असू शकतो. नव्या माणसाच्या हाती कोणी पहिल्या दिवशी तिफण देत नाही. पेरणी चुकली तर हंगाम जातो. तुझा पाच ओळींचा पॅच कोणी तीनदा परत पाठवला, तर तो तुझा अपमान समजू नकोस. त्या प्रकल्पाचं कामच तसं आहे.

दुसरं कारण थोडं कटू आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात मिळणाऱ्या टी-शर्टच्या आशेने हजारो निरर्थक बदल मुक्त प्रकल्पांवर येऊन आदळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्स्प्रेस या प्रकल्पाच्या रीडमी (प्रकल्पाची ओळख सांगणाऱ्या) फाइलमध्ये स्वतःचं नाव घालणाऱ्या विनंत्यांचा पूर आला, आणि त्यातले बरेच जण आपल्याच देशातले, शिकवणीचा व्हिडिओ बघून आलेले विद्यार्थी होते. आता भर पडली आहे ती एआयने लिहिलेल्या, वाचायला झकास पण खोट्या बग-अहवालांची. कर्ल या प्रकल्पाच्या मेंटेनरने त्याबद्दल उघड तक्रार केली आहे. म्हणून रीडमीतला स्वल्पविराम बदलून सुरुवात करू नकोस. एआयला कोड समजावून सांगायला लाव, हरकत नाही. पण जी ओळ तुला स्वतःला समजावून सांगता येत नाही, ती पाठवायची नाही.

कोणता प्रकल्प

टॉर ब्राउझर फायरफॉक्सवर उभा आहे. तो ४ जीबीच्या मशीनवर कंपाइल करायचा (कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधायचा) विचारही करू नकोस. डिस्क, रॅम आणि डेटा तिन्ही संपतील. सी भाषेतला मूळ टॉर लहान आहे आणि तुझ्या लॅपटॉपवर आरामात बांधता येतो, पण नवं काम आता रस्टमधल्या ‘आर्टी’त चाललं आहे, आणि रस्टचं कंपाइलिंग कमी रॅमला जड जातं. आमचं मत स्पष्ट आहे : तू ‘स्नोफ्लेक’पासून सुरू कर. ते टॉरच्याच छत्राखाली आहे, गो भाषेत लिहिलेलं आहे, आकाराने आटोपशीर आहे. सी येणाऱ्याला गो वाचता यायला दोन-तीन आठवडे पुरतात.

स्नोफ्लेक काय करतं ते थोडक्यात. ज्या देशात टॉर बंद केलेला असतो, तिथल्या माणसाचा टॉर ब्राउझर आधी ‘ब्रोकर’कडे जातो. ब्रोकर त्याची गाठ एका स्वयंसेवकाच्या संगणकाशी घालून देतो. हा स्वयंसेवक म्हणजे ‘प्रॉक्सी’. दोघांमध्ये वेबआरटीसीने, म्हणजे व्हिडिओ कॉलसाठी वापरतात त्याच तंत्राने, जोडणी होते. प्रॉक्सी ती वाहतूक ‘ब्रिज’कडे नेतो आणि तिथून ती टॉरच्या जाळ्यात शिरते. प्रॉक्सी हजारो, येत-जात राहणारे, म्हणून सरकारला सगळे पत्ते बंद करणं जड जातं. रशियाने डिसेंबर २०२१ मध्ये टॉर अडवला तेव्हा आणि सप्टेंबर २०२२ पासून इराणमध्ये आंदोलन पेटलं तेव्हा याचा वापर झपाट्याने वाढला.

आता यात तुझा उपयोग कुठे? मोबाईल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागे बसवतात. अशा जाळ्यातला संगणक थेट जोडणीला अवघड असतो. स्नोफ्लेकचा प्रॉक्सी सुरू केलास तर तो लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदीत) स्वतःच्या नॅटचा, म्हणजे एका पत्त्यामागे अनेकांना बसवणाऱ्या सोयीचा, प्रकार लिहितो, आणि हॉटस्पॉटवर बहुधा ‘रिस्ट्रिक्टेड’ (बंदिस्त) दिसेल. दोन्ही बाजू रिस्ट्रिक्टेड असतील तर जोडणी होतच नाही, म्हणून ब्रोकरला जोड्या जपून लावाव्या लागतात. बर्लिनमध्ये फायबरवर बसलेल्या माणसाला हे त्रास रोज दिसत नाहीत. टॉवर बदलला की जोडणी तुटते का, दुपारी नेट मंदावलं की काय होतं, ४ जीबीच्या मशीनवर प्रॉक्सी सहा तासांनी किती रॅम खातो, ही निरीक्षणं नीट नोंदवून देणारी माणसं कमी आहेत. तू ती देऊ शकतेस. आमच्या मते तुझ्यासाठी प्रकल्पात शिरायचं सगळ्यात रुंद दार हेच आहे.

लॅपटॉप आणि डेटा

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेच्या प्रकल्पात काम करायला तसलं मशीन नको. विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, म्हणजे डब्ल्यूएसएल २, मुळातच निम्मी रॅम स्वतःकडे घेऊ शकते; ४ जीबीत ते परवडत नाही. सरळ डेबियन टाक, डेस्कटॉप एक्सएफसीई. आधी सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर घे आणि तो पेनड्राइव्ह उघडून बघ, कॉपी खरंच झाली आहे का. डेबियनची इमेज कॉलेजच्या किंवा यवतमाळच्या चांगल्या वायफायवर उतरव आणि सोबत दिलेल्या एसएचए५१२ यादीशी ताडून बघ. आकडा जुळला नाही तर डाउनलोड अर्धवट किंवा बिघडलेलं आहे. ती इमेज वापरू नकोस.

हार्ड डिस्क फिरणारी असेल तर पहिला खर्च एसएसडीवर कर, रॅमवर नंतर. रॅम घेण्याआधी लिनक्समध्ये ‘सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी’ चालव. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरांत कर.) किती खाचा आहेत, कोणती रॅम आहे, ते कळेल. डीडीआर३ असेल तर विशेष लक्ष दे : बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची ‘एल’ लिहिलेलीच लागते, १.५ व्होल्टची टाकली तर मशीन सुरूच होत नाही. नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानदाराला जुनी पट्टी दाखवूनच नवी घे.

आणि उन्हाळ्याचं. मे महिन्यात पारा ४५ वर असतो तेव्हा दुपारी कंपाइल लावलंस तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग पाडतो. दहा मिनिटांचं काम अर्धा तास चालतं आणि तुला वाटतं, कोडच जड आहे. पहाटे लाव. पंख्यात साचलेली धूळ वर्षातून एकदा तरी काढ.

डेटाचं गणित असं. गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारं साधन. त्याचं क्लोन, म्हणजे प्रकल्पाची पूर्ण प्रत उतरवणं, मध्येच तुटलं तर ते जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होत नाही, पहिल्यापासून सुरू होतं. हॉटस्पॉटवर सगळ्यात जास्त डेटा इथेच वाया जातो. म्हणून ‘गिट क्लोन --डेप्थ १’ वापर. फक्त शेवटची अवस्था येते. जुना इतिहास लागेल तेव्हा ‘गिट फेच --डीपन २००’ करून थोडा थोडा आण. मोठा रेपो (प्रकल्पाच्या कोडचं कोठार) हवाच असेल तर चांगलं नेट असलेल्या मैत्रिणीला तो उतरवून ‘गिट बंडल’ करायला सांग. एकच फाइल होते, पेनड्राइव्हवर येते आणि तिच्यातून सरळ क्लोन करता येतं.

गोचं एक गुपचूप डेटा खाणारं वागणं आहे. प्रकल्पाच्या ‘गो.मॉड’ फाइलने तुझ्याकडे आहे त्याहून नवी आवृत्ती मागितली, तर गो १.२१ पासून पुढचं साधन ती आवृत्ती आपणहून उतरवू शकतं. आधी फाइल उघडून आकडा बघ आणि तीच आवृत्ती वायफायवर घेऊन ठेव. मग एकदा ‘गो मॉड डाउनलोड’ केलंस की लागणारे भाग मशीनवर साठतात आणि घरी नेटशिवाय ‘गो बिल्ड’ व ‘गो टेस्ट ./...’ चालतं.

भारनियमनाचंही सांगतो, कारण तुझी बॅटरी जुनी असणार. कमिट (बदलाची गिटमधली नोंद) होत असताना वीज गेली तर गिटच्या आतल्या फाइल रिकाम्या राहू शकतात आणि ‘ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी’ असं दिसतं. घाबरून सगळं उडवू नकोस. ‘गिट एफएससीके’ने कोणती फाइल बिघडली ते बघ, फोल्डरची एक प्रत बाजूला ठेव, रिकामी फाइल काढ आणि पुन्हा फेच कर. मूळ उपाय एकच, रोजचं काम रोज आपल्या ऑनलाइन फोर्कवर (प्रकल्पाच्या स्वतःच्या प्रतीवर) पुश करणं, म्हणजे पाठवणं.

पहिल्या कमिटच्या आधी : नाव

हा भाग घाईने वाचू नकोस, कारण इथे झालेली चूक मागे घेता येत नाही. प्रत्येक कमिटमध्ये लिहिणाऱ्याचं नाव, मेल पत्ता आणि वेळ कायमची कोरलेली असते. सार्वजनिक रेपोच्या प्रती जगभर असतात; नंतर तुझ्याकडून पुसलं तरी त्यांच्याकडून पुसलं जात नाही. टॉरमध्ये टोपणनावाने काम करता येतं, बरेच जण करतात. तू खऱ्या नावाने काम करायचं ठरवलंस तरी काही बिघडत नाही, पण ते विचार करून ठरव. पुढे नोकरीसाठी हे काम दाखवायचं असेल तर खरं नाव सोयीचं. नातेवाईक किंवा अनोळखी लोक शोधत येतील अशी भीती असेल तर टोपणनाव. दोन्हीचं मिश्रण मात्र वाईट : आज टोपणनाव आणि उद्या त्याच खात्यावर कॉलेजचा मेल, असं केलंस की दोन्ही कायमचे जोडले जातात.

नवा मेल पत्ता उघड, जो बँक, आधार, कॉलेज कुठेही दिलेला नाही. ‘गिट कॉन्फिग’मध्ये नाव आणि पत्ता घाल. पहिलं कमिट पुश करण्याआधी ‘गिट लॉग --फॉरमॅट=फुलर’ बघ. तिथे ‘ऑथर’ आणि ‘कमिटर’ अशा दोन ओळी दिसतात. बरेच जण फक्त पहिली दुरुस्त करतात आणि दुसरीत जुना पत्ता तसाच राहतो. कॉन्फिग नीट करून ‘गिट कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर’ चालवलंस की दोन्ही बदलतात. वेळेसोबत +०५३० हेही जातं, म्हणजे तू भारताच्या वेळेत आहेस हे उघड होतं. नको असेल तर ‘टीझेड=यूटीसी गिट कमिट’ असं लिही, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ (यूटीसी) जाते.

स्क्रीनशॉटमध्ये फोल्डरच्या वाटेत तुझं नाव दिसतं. मोबाईलने काढलेल्या स्क्रीनच्या फोटोत ठिकाण नोंदलेलं असू शकतं. टॉर आपल्या लॉगमधले संवेदनशील पत्ते मुळातच झाकतो, स्नोफ्लेकही झाकतो. कोणी ‘-अनसेफ-लॉगिंग’ लावून लॉग टाकायला सांगितलं, तर तो लॉग सार्वजनिक ठिकाणी टाकायच्या आधी एकेक ओळ वाच. त्यात दुसऱ्या माणसांचे पत्ते असू शकतात.

पहिलं काम

टॉरची कामं त्यांच्या स्वतःच्या गिटलॅबवर (कोड आणि तक्रारी ठेवायच्या संकेतस्थळावर) असतात. तिथे खातं आपोआप मिळत नाही. मागणी करायची, कारण लिहायचं आणि माणूस ते मंजूर करतो. कारणात ‘शिकायचं आहे’ एवढंच नको. ‘स्नोफ्लेकच्या अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर चाचणी करून निकाल लिहायचा आहे’ असं लिही. खातं मिळेपर्यंत वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. नवख्यांसाठी ‘फर्स्ट काँट्रिब्युशन’ अशी खूण केलेल्या तक्रारी असतात, पण त्या लवकर उचलल्या जातात. त्यामुळे आमचा सल्ला वेगळा आहे : जुन्या, थंड पडलेल्या तक्रारी वाच. वर्षा-दोन वर्षांपूर्वी कोणीतरी बग लिहिला, पुढे कोणी बोललं नाही. तो आजच्या आवृत्तीत अजून घडतो का, हे करून बघ आणि लिही. घडत असेल तर नेमक्या पायऱ्या दे. घडत नसेल तर कोणत्या आवृत्तीवर, कशा परिस्थितीत बघितलं ते दे. मेंटेनरची सकाळ वाचवणारं याहून सोपं काम नाही, आणि कोडची एक ओळही न लिहिता तुझं नाव त्यांच्या नजरेत बसतं.

अहवालात एवढं असू दे : सॉफ्टवेअरची आवृत्ती किंवा कमिटचा क्रमांक, लिनक्सची आवृत्ती, रॅम, नेटचा प्रकार, नॅटचा प्रकार, यूटीसीमध्ये वेळ, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, लॉगच्या संबंधित दहा-बारा ओळी. कमांड जशीच्या तशी. अंदाज असेल तर ‘मला वाटतं’ असं म्हणून वेगळा लिही. निरीक्षणात अंदाज मिसळला की वाचणाऱ्याचा दिवस चुकीच्या दिशेने जातो, आणि पुढच्या वेळी तो तुझं लिहिलेलं शंकेने वाचतो. इंग्रजी छोट्या वाक्यांचं चालतं. आधी मराठीत लिहून काढ, मग एकेका वाक्याचं इंग्रजी कर. सुंदर वाक्यांची तिथे कोणी वाट बघत नाही.

कोडचा पहिला पॅच लहान ठेव : जिथे चाचणी नाही तिथे एक चाचणी, किंवा चुकीचा एरर संदेश. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. जाता जाता मोकळ्या जागा आणि मांडणी सुधारू नकोस. मूळ बदल त्यात हरवतो आणि तपासणारा वैतागतो. पुढे सी टॉरमध्ये गेलीस तर तिथे दोन नियम नवख्यांना हमखास अडवतात. ‘चेंजेस’ फोल्डरमध्ये बदलाची ठरावीक नमुन्यात एक छोटी फाइल लागते, आणि ‘मेक चेक’मध्ये ओळींची रुंदी, टॅब, मोकळ्या जागा यांचीही तपासणी होते. पाठवण्याआधी ती घरी चालव.

टॉरचं वागणं तपासायला खरं जाळं वापरायची गरज नाही, बऱ्याचदा वापरूही नये. त्या जाळ्यात खरी माणसं असतात. त्यांच्या वाहतुकीवर प्रयोग करणं किंवा ती नोंदवणं कोणी खपवून घेणार नाही. ‘चटणी’ नावाचं पायथनमधलं साधन तुझ्याच मशीनवर एक छोटं खासगी टॉर जाळं उभं करतं. त्याला इंटरनेटचा डेटाही लागत नाही, तुझ्या हॉटस्पॉटवर हा मोठाच फायदा.

सुरक्षेला भगदाड पडेल असा बग सापडला, उदाहरणार्थ कोणाचा खरा पत्ता बाहेर दिसतो असा, तर तो उघड तक्रारीत किंवा गप्पांच्या खोलीत लिहायचा नाही. गिटलॅबवर तक्रार ‘गोपनीय’ करायची खूण असते, आणि बहुतेक प्रकल्प सुरक्षेसाठी वेगळा मेल पत्ता देतात. इथे उतावळेपणा केलास तर इजा तुला होत नाही, ज्याच्यासाठी हे सगळं बनवलं त्याला होते.

बोलायचं कसं

टॉरची मंडळी ओएफटीसीच्या आयआरसीवर आणि मॅट्रिक्सवर, म्हणजे लेखी गप्पांच्या खोल्यांत, बोलतात. बैठका लेखी होतात, नोंदी उघड्या असतात, आणि आपल्याकडे त्या बहुधा रात्री पडतात. पहिले दोन आठवडे फक्त वाच. ‘रिस्पेक्टेड सर’ नको. समोर कोण आहे ते माहीत नसतं, आणि तिथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात. त्यात अनादर नाही. एकट्याला खासगी संदेश पाठवू नकोस, प्रश्न सगळ्यांसमोर विचार, म्हणजे जो मोकळा असेल तो उत्तर देईल. ‘एक प्रश्न विचारू का?’ असं विचारून थांबू नकोस. सरळ लिही : ‘स्नोफ्लेकच्या प्रॉक्सीची चाचणी चालवली, अमुक चाचणी नापास झाली, हा लॉग, मी हे आणि हे करून बघितलं.’ आणि खिडकी बंद करू नकोस. उत्तर तीन तासांनी येतं, तोवर तू गेलेली असशील तर ते तुला दिसत नाही. मर्ज रिक्वेस्टवर (आपला बदल मूळ कोडात घ्यायच्या विनंतीवर) दोन आठवडे काहीच हललं नाही तर एकदा नम्रपणे आठवण कर. डिसेंबरच्या शेवटी तीही करू नकोस, युरोप-अमेरिकेत सुट्ट्या असतात.

मराठी भाषांतराचंही काम असतं. टॉरचं भाषांतर ‘वेबलेट’वर चालतं, फायरफॉक्सचं मोझिलाच्या ‘पोंटून’वर. नेट मंद असेल त्या दिवशी करण्याजोगं आहे. टक्का-एस (प्रोग्राम नंतर शब्द भरतो त्या जागेची खूण) किंवा महिरपी कंसातले शब्द तसेच ठेवावे लागतात, नाहीतर प्रोग्राम तिथेच मोडतो. तुला मात्र कोड लिहायचा आहे, म्हणून यातच अडकून राहू नकोस.

बाबांना काय सांगायचं

बाबांची काळजी रास्त आहे, ती उडवून लावू नकोस. टॉरचा कोड वाचणं, सुधारणं, त्याची चाचणी करणं हा भारतात गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) निर्देशांत व्हीपीएनचा धंदा करणाऱ्यांवर ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवण्याचं बंधन आलं. कोड लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर नाही.

खरा धोका एकाच ठिकाणी आहे आणि तिथे जायचं नाही : घरून ‘एक्झिट रिले’ चालवणं. टॉरची वाहतूक तीन रिलेंतून (ती पुढे पाठवणाऱ्या संगणकांतून) जाते, आणि शेवटच्या रिलेचा पत्ता वेबसाइटला दिसतो. कोणी तिथून गैरकृत्य केलं तर चौकशी त्या पत्त्यावर येते. घरून एक्झिट चालवू नका, असं टॉर प्रकल्प स्वतःच सांगतो. स्नोफ्लेकच्या प्रॉक्सीचं तसं नाही. तो वाटेच्या सुरुवातीला असतो, वेबसाइटला तुझा पत्ता दिसत नाही. पण दुसऱ्याची वाहतूक तुझ्या दीड जीबीतून जाते, म्हणून हॉटस्पॉटवर तो चाचणीपुरताच सुरू कर, ‘-कपॅसिटी १’ लावून, आणि काम झालं की बंद कर. साधा रिले तुझ्या जोडणीवर चालायचाच नाही. त्याला बाहेरून पोहोचता येणारा पत्ता आणि महिन्याला १०० जीबी तरी वाहतूक लागते. कॉलेजच्या लॅबमध्ये यातलं काहीही विभागप्रमुखांना विचारल्याशिवाय लावू नकोस.

बाबांना शेजारी बसवून टॉर ब्राउझर उतरव आणि त्याची सही जीपीजीने (सही तपासायच्या साधनाने) तपासून दाखव. ‘गुड सिग्नेचर’ असं आलं म्हणजे फाइलवरची सही त्या किल्लीचीच आहे. त्याखाली ‘ही किल्ली विश्वासू सहीने प्रमाणित नाही’ असा इशारा येतो, तो नेहमीचाच आहे. त्याचा अर्थ एवढाच की ती किल्ली खरी असल्याची खात्री तू अजून स्वतः नोंदवलेली नाहीस. किल्लीचा ठसा टॉरच्या संकेतस्थळावरच्या ठशाशी जुळव; जुळला की फाइल खरी. ‘बॅड सिग्नेचर’ आलं तर मात्र फाइल उडव.

प्रमाणपत्र आणि पैसा

प्रमाणपत्र मिळत नाही. तुझे कमिट, तुझे अहवाल, त्यावर झालेली चर्चा सगळं उघड्यावर असतं, आणि जाणकार मुलाखतकार तेच उघडून बघतो. ‘ओपन सोर्स इंटर्नशिप’साठी कोणी नोंदणी शुल्क मागितलं, मग ते ९९ रुपये का असेना, तर ती फसवणूक समज.

मानधनाच्या दोन खऱ्या वाटा आहेत. गूगल समर ऑफ कोड १८ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट नाही. सहभागी संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीअखेर येते, प्रस्ताव मार्च-एप्रिलमध्ये जातात. टॉर त्या वर्षी यादीत आहे का ते बघ. दुसरी आउटरीची. तंत्रज्ञानात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो किंवा ज्यांची संख्या कमी आहे, त्यांच्यासाठी ती आहे. तिच्या दोन फेऱ्या असतात, साधारण मे ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते मार्च. खेड्यातून संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलीने तिथे अर्ज जरूर करावा. दोन्हीकडे पैसे घेताना खरं नाव आणि बँक खातं द्यावं लागतं, टोपणनाव ठरवताना हे लक्षात घे. आणि दोन्हीकडे मार्चमध्ये पहिल्यांदा तोंड दाखवणाऱ्यापेक्षा सप्टेंबरपासून काम करणाऱ्याचा प्रस्ताव भारी पडतो.

परीक्षांच्या तारखा अर्जात खऱ्या लिही. आउटरीची त्याबद्दल बारकाईने विचारतं, आणि तुमची उन्हाळी परीक्षा लांबली तर ती मेच्या फेरीत घुसते. गेल्या दोन वर्षांची वेळापत्रकं कॉलेजच्या कार्यालयातून घेऊन आजच बघ. मेची फेरी जमत नसेल तर डिसेंबरच्या फेरीचा विचार करण्याआधी, भारतात शिकणाऱ्या विद्यार्थिनीला ती खुली आहे का, हे आउटरीचीच्या नियमांत वाच; तिच्या अर्जाची मुदत साधारण ऑगस्टमध्ये येते.

पहिला अहवाल टाकण्याआधी त्याचा मसुदा आमच्याकडे पाठवलास तर बघून देऊ. लॉगमधून तुझा आयपी पत्ता आणि स्क्रीनशॉटमधून तुझं नाव काढूनच पाठव.